पाहुण्यांसाठी मांडलेले घर थंडीसाठी पुन्हा मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाऊबीज झाली की चार-आठ दिवसांत खान्देशातली घरे रिकामी होतात. पुणे, मुंबई, नाशिक, सुरतेहून आलेली मुले जातात, माहेरपणाला आलेल्या लेकी जातात, आणि मागे दोन म्हातारी माणसे उरतात. कित्येक घरांत तर एकच. घर खायला उठते, अशी या दिवसांबद्दल सगळ्यांचीच तक्रार असते आणि ती खरी आहे. पण नेमक्या त्याच पंधरवड्यात रात्री गार पडू लागतात, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. दहा-पंधरा माणसांच्या सोयीने मांडलेले घर तसेच राहते आणि त्यात दोघे जण थंडी काढतात. घरभेटी आणि रुग्णसेवेत आयुष्य घालवलेल्या आम्हा काही जणींचे स्पष्ट मत आहे की हिवाळ्यातल्या बऱ्याच दुखण्यांचे आणि अपघातांचे मूळ या न बदललेल्या मांडणीत असते. ती कशी बदलायची, यासाठी हे पत्र.

आपली थंडी कोरडी. आकाश निरभ्र, हवेत दमटपणा कमी. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आणि स्लॅब रात्री भराभर निवतात. दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, हे जळगाव-धुळ्याला नवे नाही. दुपारी पंखा लावावासा वाटतो, म्हणून अजून थंडी कुठे पडली, असे म्हणत तयारी लांबत जाते. सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. म्हाताऱ्या माणसांची उठण्याची, मोरीत जाण्याची, आंघोळीची आणि कार्तिकातल्या काकड आरतीची वेळही तीच.

पहिली गोष्ट झोपण्याच्या जागेची. दिवाळीत आई-वडील आपली खोली लेक-जावयाला देतात आणि स्वतः पुढच्या खोलीत, दारालगत अंथरूण टाकतात. पाहुणे गेल्यावर पुष्कळदा ते अंथरूण तिथेच राहते. दाराखालच्या फटीतून रात्रभर गार हवा येते आणि संडास-मोरी तिथून सर्वांत लांब पडते. आधी आपल्या खोलीत परत जावे. खोली निवडता येत असेल तर दक्षिणेची किंवा पश्चिमेची घ्यावी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे असतो. आपल्याकडे तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत खोलवर येते आणि पश्चिमेची भिंत रात्री नऊ-दहापर्यंत ऊब देते. उन्हाळ्यात सुखाची वाटणारी उत्तरेची खोली या दिवसांत टाळावी. पत्र्याच्या खोलीत तर पहाटे आत-बाहेर सारखेच गार असते. गावाकडची जुनी धाब्याची घरे, जाड मातीच्या भिंतींची, दिवसाची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवतात. असे घर शाबूत असेल तर आजीला मुद्दाम नव्या सिमेंटच्या खोलीत हलवू नये, मग ती खोली कितीही देखणी असो.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंगाखाली आधी भर द्यावी. खालून लागणारी थंडी वरच्या रजईने जात नाही. चटई, त्यावर सतरंजी, त्यावर गादी, एवढे तरी हवे. पाहुण्यांना दिलेल्या गाद्या-गोधड्या तशाच घडी घालून माळ्यावर टाकू नयेत; घामाचा ओलावा आत राहतो आणि वर्षभरात कुबट वास धरतो. सकाळी दहा ते तीन या वेळात दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास, असे तीन दिवस ऊन द्यावे. चार वाजायच्या आत आत आणाव्यात आणि निवल्यावरच घडी घालावी. डांबरगोळ्या ठेवलेले पांघरूण एक दिवस वाऱ्यावर टाकल्याशिवाय अंगावर घेऊ नये, तान्ह्या बाळाच्या अंगावर तर मुळीच नाही. रजईतल्या कापसाच्या गुठळ्या झाल्या असतील तर पिंजाऱ्याकडून तो पिंजून घ्यावा. एकट्या माणसाला दोन-अडीच किलो कापसाची रजई पुष्कळ झाली. त्याहून जड रजई अशक्त माणसाला कुशीवर वळतानाही बाजूला सारता येत नाही. तिच्याऐवजी दोन हलकी पांघरुणे बरी. कानटोपी आणि पायमोजे घालावेत, पण फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालू नये. घसरून मांडीचे हाड मोडते ते असेच. पलंगाशी चप्पल आणि मोरीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा हवा. उठल्यावर मिनिटभर काठावर बसून मगच उभे राहावे.

आता कूलर. खान्देशात तो घरोघरी खिडकीत बसवलेला असतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाहुण्यांच्या गर्दीत दिवाळीपर्यंत चालतो. पुढे तो बंद होतो, पण टाकीत चार बोटे पाणी राहते. डासांची पैदास तिथे होते आणि कूलरच्या जाळीतून पहाटेची गार हवा सरळ पलंगावर येते. प्लग काढून ठेवावा, टाकीचे बूच काढून सगळे पाणी सोडावे आणि टाकीच्या कडा आतून काथ्याने घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि उन्हाळ्यात टाकी भरली की फुटतात. बाजूच्या ताट्यांमधले गवत काळे पडले असेल तर आत्ताच फेकावे, चांगले असेल तर कडक वाळवून ठेवावे. पंप काढून पुसून कोरडा ठेवावा, नाहीतर आपल्या क्षाराच्या पाण्याने तो जाम होतो आणि मार्चमध्ये सुरू होत नाही. टाकी दोन दिवस उन्हात सुकू द्यावी. मग कूलरच्या तोंडाला आतून प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा घट्ट बसवावा. खिडकीचे भोक मात्र पेपरच्या बोळ्यांनी बुजवू नये. बोळे ओल धरतात, वाऱ्याने निसटतात.

पाण्याच्या पिंपांचेही तेच. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत पाहुण्यांसाठी जादा पिंप, घमेली, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. दोघांना ते पाणी पंधरा दिवस संपत नाही आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. दुपार उबदार असते तोवर डास थांबत नाहीत. लागतील तेवढीच दोन भांडी ठेवावीत, बाकीची घासून पालथी घालावीत, भरलेल्या दोन्हींवर घट्ट झाकण किंवा दुहेरी सुती फडके बांधावे.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला गॅस गिझरची वाटते. अभ्यंगस्नानाला घरात पंधरा माणसे असतात, मोरीचे दार सारखे उघडते, हवा खेळती राहते. पुढे थंडी वाढते, मोरीच्या झडपांत कुणीतरी पुठ्ठा खोचते, आणि एकटे माणूस आतून कडी लावून सावकाश आंघोळ करते. लहान बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते; मग पायांतले बळ जाते, आणि कडी काढायला हात वर उचलत नाही. हे पित्ताचे किंवा थंडीचे समजून माणूस आतच बसून राहतो, तिथेच घात होतो.

उपाय अवघड नाही. गिझर मोरीबाहेर, उघड्या हवेत बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत आणावी. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर आणि सिलिंडर बंद करावा, पाचेक मिनिटे हवा जाऊ द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. मोरीला एक झरोका वर आणि एक खाली, दोन्ही कायम उघडे हवेत. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली तर त्या दिवसापासून वापर बंद करून मेकॅनिकला बोलवावे. म्हाताऱ्या माणसाने मोरीची कडी लावूच नये, दार नुसते लोटावे. आत कुणी निपचित सापडले तर आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला अंगणात मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. तोंडावर पाणी मारत मोरीत बसण्यात वेळ घालवू नये, वाचवणाराही आडवा होतो.

कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू. धूर निघून गेलेला लाल निखारा निरुपद्रवी वाटतो, पण घातक वायू त्यातून निघतच असतो. बाळंतिणीच्या खोलीत किंवा पलंगाखाली शेगडी ठेवून दारे लावण्याची पद्धत सोडलीच पाहिजे. शेकायचे तर अंगणात शेकावे, पदर आणि शालीचे टोक खोचून. पाण्याच्या बादलीत सोडायची हीटरची कांडी विसरभोळ्या माणसाच्या हाती देऊ नये. पाणी तापले का, हे पाहायला लोक चालू कांडीच्या बादलीत बोट घालतात. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग हात. शक्य असेल तर विजेचा साठवणीचा गिझर ५० अंशांवर ठेवून वापरावा. गॅसची केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. दिवाळीच्या तळणात ती ओट्याखाली तापते, वाकते, म्हणून या आठवड्यात एकदा हात फिरवून भेगा पाहाव्यात. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ वर कळवावे.

पाय शेकायच्या रबरी पिशवीत उकळते पाणी घालू नये. दोन तृतीयांश भरून, हवा काढून, बूच लावून, टॉवेलात गुंडाळून ती अंथरुणात आधी ठेवावी आणि झोपताना काढून टाकावी. मधुमेह्यांच्या पायांना चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि ती जखम महिनाभर भरत नाही.

औषधांकडे वळू. नातवंडे येणार म्हणून गोळ्यांचा डबा कपाटावर जातो. तेवढे शहाणपणाचेच. पण नंतर तो खाली येत नाही आणि रोजच्या नजरेतून गोळ्या सुटतात. शिवाय पाहुणे मागे अर्धवट पाकिटे सोडून जातात: सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, अंगदुखीची पाने. ही औषधे घरातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या मनाने घेऊ नयेत. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. दुखणे मारणाऱ्या कित्येक गोळ्या रक्तदाब वाढवतातच, मूत्रपिंडावरही ताण आणतात. थंडीत रक्तवाहिन्या आखडल्यामुळे दाब आधीच चढलेला असतो. कात्रीने कापलेली, नाव-तारीख गेलेली पाकिटे सरळ टाकून द्यावीत. आपल्या रोजच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा खणांच्या डब्यात आठवड्याच्या भरून चहाच्या भांड्यांशेजारी ठेवाव्यात, आणि पंधरा दिवसांच्या जादा आणून ठेवाव्यात.

घरी दाब मोजायचे यंत्र असेल तर सात दिवस नीट मोजावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. एका मोजणीवरून गोळी वाढवू नये, कमी करू नये, सोडू तर नयेच. आठवडाभर लाडू-करंज्या खाल्ल्यावर साखर वाढलेली दिसली म्हणून घाबरूनही जाऊ नये. रोजच्या जेवणावर आठ-दहा दिवस राहून उपाशीपोटी तपासावी. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. साखर फारच वर गेली, तहान-लघवी वाढली, तर मात्र थांबू नये.

दोघांच्या स्वयंपाकाबद्दल फार कमी बोलले जाते. घर भरलेले असताना बाई पंधरा जणांचे रांधते आणि ते गेल्यावर दोघांसाठी चूल कशाला पेटवायची, असे म्हणते. रात्री चहा आणि चिवडा, सकाळी चहा आणि शंकरपाळे. असे पंधरा दिवस गेले की पायांना सूज, दाब वर, पोट साफ नाही. फराळ दुपारी चारला, वाटीभर, एवढीच त्याची जागा. ओल्या नारळाची करंजी तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. शेंगदाणे-खोबऱ्याचा चिवडा तीन आठवड्यांत खवट वास धरू लागतो, तो उन्हात टाकून सुधारत नाही. तळणाचे उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजी-फोडणीला संपवावे. काळे पडले, फेस येऊ लागला की टाकावे. पुन्हा पुऱ्या तळायला ते नको.

पीठही पाहुण्यांच्या हिशेबाने दळलेले असते. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, कारण तिच्यातला स्निग्धांश दळल्यावर लवकर खराब होतो. दोघांना एका वेळी एक-दीड किलो दळण पुरे. ज्वारीत चौथ्या-पाचव्या हिश्शाने अख्खे उडीद आणि चवीला मीठ घालून दळलेल्या कळण्याची भाकरी या दिवसांत पोटाला आधार देते. एरवी नुसत्या भाकरीवर भागवणाऱ्यांना डाळीतली प्रथिनेही त्यातून मिळतात. बाजारात भरताची वांगी येऊ लागलेली असतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते उगीच नाही. अर्ध्या किलोच्या एका वांग्यात दोघांचे भागते. मिरची आवरती घ्यावी, कांद्याची पात आणि शेंगदाणे सढळ घालावेत. थंडीत तहान कळत नाही, म्हणून पाणी मोजून प्यावे: सकाळी दीड लिटरचा तांब्या-बाटली भरून ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत संपवायची, त्यानंतर घोट-दोन घोट. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच घ्यावे.

काकड आरतीला जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. त्या देवळातल्या चार ओळखीच्या चेहऱ्यांनीच कित्येकांचा दिवस उभा राहतो. पण छातीचे दुखणे किंवा दमा असलेल्यांनी संध्याकाळचा हरिपाठ धरावा. फिरणे आणि आंघोळ, दोन्ही ऊन वर आल्यावर. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम किंवा अचानक तोंड वाकडे, बोलणे अडखळणे, एका बाजूचे बळ जाणे असे काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८.

परगावी असलेल्या मुलांना एक विनंती. कूलर, गिझरचे झरोके, औषधाचा डबा ही कामे परतीच्या आदल्या दुपारी तुम्हीच उरकून जा. आई-वडिलांच्याने स्टुलावर चढवत नाही आणि चढूही नये. घराची एक किल्ली शेजारी द्या. वरची आतली कडी काढून टाका आणि बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवा. शेजारच्या वहिनींशी एक खूण ठरवा: सकाळी आठपर्यंत दाराची दुधाची पिशवी उचलली नाही तर त्यांनी कडी वाजवायची. फोन रोज ठरल्या वेळी करा आणि "जेवलात का?" एवढेच विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. "आज भाजी कसली केली? रात्री किती वेळा उठलात? आंघोळ किती वाजता?" असे विचारा. उत्तरे गोंधळलेली, अडखळती वाटली, बोलण्यात नेहमीचा नेम नसला, तर शेजाऱ्यांना लगेच पाठवा. थंडीने अंग निवत जाते तेव्हा म्हातारे माणूस कुडकुडतेच असे नाही. कधी नुसते सुस्त आणि बरळते होते.

पाहुणे गेल्यावर चार-आठ दिवस करमत नाही, ते माणसाच्या मायेचे लक्षण आहे, त्याला आजार म्हणू नये. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न नको, कशात मन नाही असे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावे. मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. पारा ९ अंशांवर घसरला, ही बातमी आपण छापता तेव्हा ती रात्र निघून गेलेली असते. हवामान विभाग अंदाज आधी देतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी झाले, की विभाग थंडीची लाट म्हणतो. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या येणाऱ्या रात्रीचा अंदाज पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असा छापावा. त्याखाली १०८, १९०६, १४५६७ आणि १४४१६ हे चार क्रमांक रोज द्यावेत. म्हातारी माणसे सकाळी सर्वांत आधी आपले पानच उघडतात.

आपल्या,
निवृत्त परिचारिका व आरोग्यसेविका,
जळगाव, धुळे, नंदुरबार